पप्पांची बारा तारांची गिटार आणि माझी पक्कड

पप्पांच्या गिटारीचा जीव मी घेतला, तेव्हा पप्पा जिवंत होते आणि शेजारच्याच खाटेवर होते.

हे मी पाहुण्यांना सांगतो तेव्हा ते आधी हसतात, मग माझ्या तोंडाकडे बघतात आणि चहाचा कप हळूच खाली ठेवतात. म्हणून पहिल्यापासूनच सांगतो.

आमचं गाव तिसगावपासून जवळ. पप्पा म्हणजे गावाचे दाविद मास्तर. आयुष्यभर शाळेत मुलांना गणित शिकवलं आणि रविवारी देवळात (आम्ही ख्रिस्ती, चर्चला देऊळच म्हणतो) मंडळीपुढे गिटार वाजवली. गिटार साधी नव्हती, बारा तारांची होती. तिच्यात तारांच्या सहा जोड्या असतात. वरच्या चार जोड्यांत जाड तारेशेजारी एक बारीक तार, तोच सूर एक सप्तक वर देणारी. खालच्या दोन जोड्यांत दोन्ही तारा सारख्या. पप्पांनी एकदा हात फिरवला की चार माणसं एकदम वाजवतायत असं वाटायचं. (हे मला आता कळतं. तेव्हा मला एवढंच कळायचं, की सूर लावायला पप्पांना अर्धा तास लागतो आणि तोवर जेवायला मिळत नाही.)

मला शिकवायचा त्यांनी दोनदा प्रयत्न केला. पहिल्यांदा मी दहा वर्षांचा होतो, दुसऱ्यांदा तीस. दोन्ही वेळा सोडून दिलं ते त्यांनीच.

पण तारांशी माझा संबंध नव्हता असं कुणी म्हणू नये! मी वीज खात्यात लाईनमन होतो. तीस वर्षं खांबावर काढली. तार कुठली, किती जाड, किती ताणायची, किती झोल सोडायचा, हे मी झोपेत सांगितलं असतं. सगळा घोटाळा या ज्ञानामुळे झाला. मी अडाणी असतो तर गिटार वाचली असती.

गेल्या उन्हाळ्याच्या तोंडाला पप्पांचं पोटाचं दुखणं हाताबाहेर गेलं. नगरच्या डॉक्टरांनी (जिल्ह्याचं नाव बदललं, पण आमच्या तोंडून अजून नगरच येतं) मला बाजूला घेतलं आणि फार चांगल्या शब्दांत सांगितलं, "घरी न्या. त्यांना जे आवडतं ते करा."

घरी आल्यावर मी विचारलं, "पप्पा, काय खावंसं वाटतं?"

"काय न्हाई."

"कुणाला भेटायचंय?"

"समदे येऊन बघूनच जात्यात. मी काय पळून चाललोय?" मग म्हणाले, "विजू, गिटार काढ. एकदा ऐकायची हाय."

गिटार लोखंडी कपाटावर होती, गोधडीच्या खोळीत. पप्पांचा हात कापायला लागल्यापासून सहा वर्षं तिला कुणी हात लावला नव्हता. खोळ काढली. बारापैकी सात तारा जागेवर होत्या आणि सातही गंजलेल्या. मी एक जरा पिळली, तर तिनं माझ्या अंगठ्यावर वळ उठवला आणि तुटली.

मी म्हणालो, "हलक्या तारा आहेत. नवीन टाकू. चांगल्या मजबूत."

माझी बायको सुमन पप्पांच्या तोंडात चमच्यानं पाणी घालत होती. ती मान न वळवता म्हणाली, "अहो, त्यांना विचारून घ्या कुठल्या आणायच्या."

"तारेचं मी विचारू? मी?"

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं नगर गाठलं. वाद्यांच्या दुकानातल्या पोरगेल्या मालकानं विचारलं, "किती नंबर देऊ? नऊ, दहा, अकरा, बारा, तेरा?"

"यात जाड कुठली?"

"तेरा. पण बारा तारांच्या गिटारीला तेरा नंबर येतच नाही. त्यांचा वेगळा संच येतो, दहा नंबरचा. जुनी गिटार असेल तर नऊचाच घ्या."

"नऊ म्हणजे बारीक?"

"हो, लाईट."

"आणि बारीक तार लवकर तुटते की नाही?"

"तुटते, पण काका..."

मग मी त्याला तारेच्या जाडीवर एक व्याख्यान दिलं. वादळात कुठल्या तारा तुटतात, कुठल्या टिकतात, सगळं. दुकानात दोन गिऱ्हाईकं होती, ती ऐकून निघून गेली. शेवटी तो हात जोडून म्हणाला, "तेरा नंबरचे सहा तारांचे संच आहेत. हवे तर तेच दोन न्या. पण मी दिले असं कुणाला सांगू नका."

सहा दुणे बारा! गणित मास्तरच्या मुलाला एवढं तर येणारच. जोडीत एक जाड आणि एक बारीक लागते, हे मी तोवर पार विसरलो होतो.

घरी आलो तर माझी बहीण शैला श्रीगोंद्याहून आलेली. तिचा नवरा तिकडे साखर कारखान्यात असतो. येताना तिनं काकवीची बरणी आणली होती, कारण पप्पांना काकवी आवडते. पप्पांना पाणीसुद्धा चमच्यानं जात होतं, पण तिला रिकाम्या हातानं येववलं नाही. बरणी पप्पांच्या उशाशी ठेवून ती रडत बसली होती.

"रडू नको," मी म्हणालो. "तुझ्या मोबाईलवर सूर लावायचं काही मिळतं का बघ."

तिनं डोळे पुसले आणि एक ॲप उतरवून घेतलं. तार छेडली की त्यात काटा हलायचा. सूर कमी असेल तर लाल, बरोबर असेल तर हिरवा. म्हटलं, हे तर आपल्या मीटरसारखंच आहे!

पप्पांच्या खोलीतच सतरंजी टाकून मी कामाला बसलो. पहिली अडचण अशी, की माझ्या तारा दांडीच्या टोकाच्या पट्टीतल्या खाचांत बसेनात. मी कानस आणून खाचा रुंद केल्या. दुसरी अडचण, तार ताणायला लागल्यावर खुंटी हातानं फिरेना. मी पक्कड आणली.

सुमन दारातून म्हणाली, "अहो, हिचं पोट फुगलंय."

खरंच, घोडीच्या मागची फळी वर उचलली होती. घोडी म्हणजे तारा जिथं अडकवतात ती पोटावरची लाकडी पट्टी.

"जुनी आहे. वयानं फुगतं."

"तुमचं वयानं फुगलंय. हिचं सकाळी सपाट होतं."

मी दुर्लक्ष केलं. आठ तारा झाल्या, नऊ झाल्या. दहाव्या तारेला पप्पांनी डोळे उघडले आणि खोल आवाजात म्हणाले, "विजू... खाली घे."

त्यांना उशी उंच वाटत असणार. मी उठलो, एक उशी काढली. परत येऊन पक्कड धरली.

"खाली घे रं."

दुसरी उशी काढली.

"आजून खाली!"

आम्ही तिघं एकमेकांकडे बघायला लागलो. आमच्याकडे माणूस शेवटच्या घटकेला आला की त्याला खाटेवरून जमिनीवर घेतात. "दादा," शैला कुजबुजली, "पप्पांना कळलंय. ते स्वतःच सांगतायत."

तिघांनी मिळून गादीसकट पप्पांना उचललं आणि अलगद जमिनीवर ठेवलं. पप्पांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण धाप लागली आणि डोळे मिटले. मी डोळे पुसले आणि अकरावी तार घेतली. आता तर घाई करायलाच हवी होती!

नेमकी त्याच वेळी शेजारची कौसामावशी मास्तरांना बघायला आली. तिनं दारातून डोकावलं. मास्तर जमिनीवर, उशी नाही, डोळे मिटलेले, सून आणि लेक दोन्ही बाजूंना रडतायत. मावशीनं जागच्या जागी बसकण मारली आणि असा काही सूर धरला, की शैलाच्या मोबाईलमधला काटा लालवरून थेट पलीकडे गेला.

"अगं मावशी, न्हाईत गेले!" सुमन म्हणाली.

पण मावशीचा आवाज तीन गल्ल्यांत पोहोचला होता. बायका आल्या. आलेल्या बायकांनी बसलेल्या बायकांच्या गळ्यात गळा घातला. पुरुष अंगणात टोप्या काढून उभे राहिले. आणि मी? मी बाराव्या तारेवर होतो. घरात वीस बायका माझ्या बापासाठी रडतायत, बाप श्वास घेतोय, आणि मी पक्कड फिरवतोय. "शैले, हिरवा झाला का?" "न्हाई दादा, आजून लाल!"

एवढ्यात देवळाची घंटा वाजायला लागली. एक टोला. मग थांबून दुसरा. आमच्या मंडळीत माणूस गेलं की अशी सावकाश वाजवतात. कुणीतरी जाऊन सांगूनही आलं होतं!

घंटा ऐकून पप्पांनी डोळे उघडले. चहूकडे बघितलं. बायका एकदम गप्प झाल्या.

"कोन गेलं?" पप्पांनी विचारलं.

शेवटी कौसामावशीच पदरानं नाक पुसत म्हणाली, "तुमीच की मास्तर!"

त्या शांततेत काटा हिरवा झाला.

आणि बंदूक उडावी तसा आवाज झाला. घोडी फळीचा एक पापुद्रा घेऊन सुटली, माझ्या कानाजवळून गेली आणि काकवीच्या बरणीवर आपटली. बाराच्या बारा तारा मोकळ्या होऊन माझ्या तोंडावर आल्या. बायका किंचाळून दाराकडे पळाल्या, अंगणातल्या पुरुषांना वाटलं आत सिलेंडर फुटला, तेही पळाले. घंटा मात्र चालूच होती. वाजवणाऱ्यापर्यंत काही पोहोचलंच नव्हतं.

खोलीत आम्ही चौघंच उरलो. माझ्या गालातून रक्त येत होतं. जमिनीवर काकवी पसरत चालली होती.

पप्पा म्हणाले, "सूर खाली घे म्हनत हुतो."

त्यांनी आयुष्यभर गिटार दोन पट्ट्या खालीच लावली होती. बारा तारांचा ताण जुन्या लाकडाला सोसत नाही म्हणून. मग गाताना दांडीवर एक चिमटा चढवायचे, की सूर पाहिजे तिथं वर यायचा. (तो चिमटा मी दहा वर्षांपूर्वी पाण्याच्या मोटारीच्या वायरला लावला होता. फार चांगला धरतो.)

मी म्हणालो, "पप्पा, चुकलं."

आम्ही त्यांना परत खाटेवर ठेवलं तेव्हा त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. दुपारी सुमननं पेज आणली, ती घेतली नाही. शैलानं हाक मारली, "ओ" दिली नाही. संध्याकाळपर्यंत ते बोलले नाहीत. मी त्यांच्या पाठीकडे बघत दारात बसून राहिलो. ती पाठ किती लहान झाली होती, हे मला त्या दिवशी दिसलं. मरणाऱ्या माणसानं एक गोष्ट मागितली होती. एकच. आणि ती मी पकडीनं मोडली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी तिसगावला जाऊन शब्बीरभाईंना घेऊन आलो. शब्बीरभाई पेट्या दुरुस्त करतात, म्हणजे हार्मोनियम, आणि कव्वालीला स्वतः बसतातही. पप्पांची त्यांची जुनी ओळख. त्यांनी आधी पप्पांचा हात हातात घेतला, मग गिटार मांडीवर घेतली. तिला उलटसुलट करून बघितलं, आत बोट घातलं, वास घेतला. मग रुंद केलेल्या खाचांवरून अंगठा फिरवला.

"हे कुनी केलं?"

मी हात पाठीमागे घेतले.

"विजूभाऊ, ह्या तारा हायेत का ट्रॅक्टर वढायचा दोर? दोन मानसं लोंबकळली असती एवढा ताण दिला तुमी! जोडीत एक बारीक आसती, ती कुठंय?"

पप्पांची पाठ जराशी हलली. हसत होते की खोकत होते, कळलं नाही.

"नीट होईल का?" मी विचारलं.

"व्हईल. सरस लावून शिकंज्यात आवळून ठेवावी लागंल. खाचांना हाडाची नवी पट्टी बसवतो. पन सरस पक्का वाळाया चार दिवस पायजेत. घाई केली तर पुन्हा उडंल."

चार दिवस. मी सुमनकडे बघितलं, सुमननं शैलाकडे बघितलं. डॉक्टरांनी आम्हाला दिवस मोजून दिले नव्हते, पण पप्पांचे पाय सुजायला लागले होते, आणि त्याचा अर्थ आम्हाला कळत होता. कसं विचारायचं? कुणाला विचारायचं?

शब्बीरभाईंनी सरळ खाटेकडे तोंड केलं. "मास्तर, चार दिवस लागत्याल. थांबता का?"

पप्पा हळूहळू या कुशीवर वळले. आदल्या दिवसापासून पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे बघितलं. "थांबतो की. मला कुठं एसटी धरायचीय!"

गिटार पप्पांच्या खोलीतच टेबलावर ठेवली, लाकडी शिकंज्यात आवळून. आता घरात दोन आजारी होते. बघायला येणारे आधी पप्पांचा पाय दाबून बघायचे, मग गिटारीची फळी. कौसामावशीला तर काय बोलावं तेच सुचेना, म्हणून ती गिटारीलाच विचारायची, "कसं वाटतंय गं बाई आता?"

पप्पा रोज सकाळी विचारायचे, "वाळला का?"

पहिल्या दिवशी मोठ्यानं विचारलं. दुसऱ्या दिवशी हळू. तिसऱ्या दिवशी नुसती भुवई वर केली. त्या दिवशी दुपारी त्यांचा श्वास असा काही अडकायला लागला, की शैलानं प्रार्थनेचं पुस्तक उघडलं आणि मी शब्बीरभाईंना फोन लावला, "आजच सोडता येईल का हो?"

"विजूभाऊ," ते म्हणाले, "तुमच्या हातात पक्कड हाय का?"

"नाही."

"मग घरातून भायेर जाऊन बसा."

मी अंगणात जाऊन बसलो. संध्याकाळी पप्पांचा श्वास पुन्हा सुरळीत झाला. थांबतो म्हणाले होते, थांबले.

मधल्या वेळात मी पुन्हा नगरच्या दुकानात जाऊन आलो होतो. मालक मला बघून आतच निघाला होता. मी म्हणालो, "बारा तारांचा संच द्या. नऊ नंबर. सगळ्यात बारीक."

त्यानं माझ्या गालावरच्या पट्टीकडे बघितलं आणि काहीही न विचारता पुडकं दिलं. फार सुसंस्कृत मुलगा.

चौथ्या दिवशी सकाळी शब्बीरभाईंनी शिकंजा सोडला. घोडी बसली होती. आता सूर कुठला लावायचा? शब्बीरभाई म्हणाले, "न्हेमीसारखा दोन पट्ट्या खाली लावू का मास्तर?"

पप्पांनी मान हलवली. नाही. डावा हात पांघरुणाबाहेर काढून दाखवला. बोटं वळत नव्हती. तार दाबणं आता जमणार नव्हतं. मग पुटपुटले. शब्बीरभाईंनी कान तोंडाजवळ नेला. आणि त्यांचा चेहरा उजळला.

"म्हनत्यात, सा प सा ग प सा. पांढरी एकला."

"म्हणजे काय?" मी.

"म्हंजी सहाच्या सहा जोड्या अशा लावायच्या, की कुटंच दाबायची गरज न्हाई. नुसता हात फिरवला की समदं एकमेकाला धरून वाजतंय. आन् ताण बी कमी. काय डोकं हाय मास्तरचं!"

दोन तास लागले. शब्बीरभाई एक तार थोडी चढवायचे, थांबायचे, पुढची घ्यायचे, पुन्हा पहिलीकडे यायचे. पप्पा डोळे मिटून पडले होते, पण उजव्या हाताचं एक बोट पांघरुणावर होतं. सूर चढा झाला की बोट खाली, उतरला की वर. एकदा एक बारीक तार तुटली, तेव्हा खोलीतल्या सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी दारात दोन्ही हात वर करून उभा होतो!

मग शब्बीरभाईंनी गिटार पप्पांच्या पोटाशेजारी टेकवली. सुमननं त्यांचा हात उचलून तारांवर ठेवला. पप्पांनी अंगठा वरून खाली ओढला. सावकाश. एकेक जोडी वेगवेगळी ऐकू आली आणि शेवटी सगळ्या मिळून खोलीभर झाल्या. जाड तारांच्या मागून बारीक तारा चमकत होत्या. लहानपणी हाच आवाज ऐकत मी जेवणाची वाट बघत बसायचो.

त्यांनी तीनदा वाजवलं. दर वेळी आवाज पूर्ण विरेपर्यंत थांबले. मग मला म्हणाले, "आता तू."

"मला नाही येत, पप्पा."

"यायला काय पायजे? हात फिरव."

मी फिरवला.

"मनगट सैल सोड. खांबावर चढल्यासारखा धरू नगं."

मी पुन्हा फिरवला. त्यांनी ऐकलं. मग म्हणाले, "दोनदा शिकवायला बसलो तुला. हे आदीच सुचाया पायजे हुतं."

त्यानंतर दोन दिवसांनी, सकाळी दहाच्या सुमारास पप्पा गेले. सुमन त्यांचे पाय पुसत होती, मी खिडकीचा पडदा सरकवत होतो. वळलो तेवढ्यात संपलं होतं. आम्ही रडलो, पण कौसामावशीनं आत येऊन आधी नाकापुढे हात धरून खात्री केली आणि मगच सूर लावला. मंडळीतला माणूसही घंटा वाजवायच्या आधी स्वतः येऊन बघून गेला.

दफन संध्याकाळी पाचला ठरलं. मी डोकं बधिर झालेल्या अवस्थेत फोन करत होतो आणि ज्याला त्याला सांगत होतो, "तेवढी पेटीची व्यवस्था करा." साडेचारला शब्बीरभाई पेटी घेऊन आले. भजनी मंडळवाले पेटी घेऊन आले. शैलाच्या दिरानं कुठून तरी पेटी मिळवली, तोही घेऊन आला. तीन हार्मोनियम जमल्या आणि शवपेटी एकही नाही! पप्पा आत, आणि अंगणात तीन पेट्या ओळीनं. सुमननं माझ्याकडे नुसतं बघितलं. मग कुणीतरी टेम्पो पळवला, तिसगावहून खरी पेटी आली आणि पाचचं दफन साडेसहाला टेकलं.

पप्पांनी शैलाला सांगून ठेवलं होतं, त्यांच्या आवडीचं भजन म्हणायचं आणि गिटार विजूनं वाजवायची. भजन मंडळी कायम पांढरी चारला म्हणते. गिटार लावलेली पांढरी एकला, म्हणजे पेटीच्या तीन पांढऱ्या पट्ट्या खाली. तिला वर चढवायचं धाडस कुणाच्यात नव्हतं, आणि माझ्यादेखत तर मुळीच नव्हतं. मग सगळ्यांनीच माझ्या सुरात गायचं ठरलं.

गाणं इतकं खाली गेलं, की बायकांचे आवाज बंदच झाले. पुरुषांचं भजन ऐकून वाटत होतं की दफनभूमीच्या मागून रिकामी ट्रॉली चालली आहे. खड्डा सहा फूट होता, आमचा सूर त्याच्याही खाली होता! त्यात भजनाला तीन-चार ठिकाणी वळणं आहेत, आणि माझ्याकडे एकच सूर. मी सगळीकडे तोच वाजवला. दुसऱ्या कडव्याला शैला माझ्या पायावर पाय देऊन उभी राहिली. मी थांबलो नाही. पहिली मूठ माती पडली तेव्हाही माझा हात फिरतच होता. मनगट सैल होतं, एवढं मात्र नक्की. डोळ्यांपुढे काही दिसत नव्हतं, म्हणून कोण हसलं आणि कोण रडलं ते मला आजही माहीत नाही.

पुढच्या आठवड्यात आमच्या देवळाचे पाळकसाहेब, म्हणजे धर्मगुरू, घरी आले. चहा घेतला. म्हणाले, "मास्तरांची जागा रिकामी राहू नये असं मंडळीला वाटतं. दर रविवारी तुम्ही गिटार घेऊन बसा."

सुमनच्या हातातून बशी पडली.

"फक्त एक विनंती आहे," पाळकसाहेब म्हणाले. "तुम्ही शेवटच्या 'आमेन'ला वाजवावं. आणि तेही मी मानेनं खूण केली तरच."

गेले आठ महिने मी मंडळीचा गिटारवादक आहे. मागचे तीन रविवार पाळकसाहेबांची मान धरलीय.